माणूस एक, नावं चार: दुबार नोंदी शोधतात कशा आणि एकत्र कशा करतात?

दिनकर बाळू पाटील, दि. बा. पाटील, डी. बी. पाटील आणि ‘दिबा’. ही चारही नावं एकाच माणसाची आहेत, हे उरण-पनवेल पट्ट्यात कुणाला सांगावं लागत नाही. जासई हे त्यांचं जन्मगाव. १९८४ च्या शेतकरी आंदोलनाचं नेतृत्व त्यांनीच केलं. पण हीच चार नावं एखाद्या डेटाबेसमध्ये चार ओळींत टाकली, तर संगणकाच्या लेखी ती चार वेगळी माणसं होतात.

याच्या उलटा प्रकारही रायगडकरांनी पाहिला आहे. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत रायगडमध्ये सुनील तटकरे हे अनंत गीते यांच्याकडून २,११० मतांनी हरले. त्याच निवडणुकीत सुनील तटकरे याच नावाचा आणखी एक उमेदवार होता आणि त्याला नऊ हजारांहून जास्त मतं मिळाली. इथे नाव एक, पण माणसं दोन.

ग्राहकांची यादी असो, मतदार यादी असो की तुमच्या मोबाईलमधले कॉन्टॅक्ट असोत, दुबार नोंदींचा सगळा प्रश्न या दोन टोकांमध्ये आहे. एका माणसाच्या अनेक नोंदी एकत्र आणायच्या, पण दोन माणसांची एक नोंद होऊ द्यायची नाही. हे काम नेमकं कसं चालतं, ते समजून घेऊ.

दुबार नोंद तयार कशी होते?

बहुतेक वेळा कुणी मुद्दाम करत नाही.

जासईच्या आजूबाजूला न्हावा शेवा बंदरामुळे कंटेनर यार्ड, गोदामं, ट्रान्सपोर्टची कार्यालयं आणि कस्टम्सची कामं करणारे एजंट यांचं मोठं जाळं आहे. अशा कार्यालयात ग्राहकांची माहिती ठेवायला ‘सीआरएम’ वापरतात. सीआरएम म्हणजे ग्राहकाचं नाव, फोन, पत्ता, त्याच्याशी झालेलं बोलणं, दिलेले दर, बिलं आणि येणी हे सगळं एका ठिकाणी ठेवणारं सॉफ्टवेअर.

समजा ‘अबक रोडलाइन्स’ नावाचा एक ग्राहक आहे. दर विचारायला मालकाने फोन केला, तेव्हा एका कर्मचाऱ्याने त्याची नोंद मोबाईल नंबरावर केली. पुढच्या आठवड्यात त्याच्या अकाउंटंटने ईमेल पाठवला, त्यावरून दुसरी नोंद झाली. दिवाळीत जुनी एक्सेल फाईल सॉफ्टवेअरमध्ये चढवली, त्यात तिसरी आली. वेबसाईटवरचा फॉर्म कुणीतरी इंग्रजीत भरला, ती चौथी.

पत्त्याचा घोळ वेगळाच. कुणी ‘जासई, ता. उरण’ लिहितं, कुणी ‘जासई, पनवेल’. बंदराचा उल्लेख एका ठिकाणी ‘न्हावा शेवा’, दुसऱ्या ठिकाणी ‘जेएनपीटी’, तर नव्या कागदांवर ‘जेएनपीए’ असा असतो. जुन्या दस्तांवर जिल्हाही ‘कुलाबा’ दिसेल, कारण रायगड हे नाव १९८१ मध्ये आलं. यातलं काहीही चुकीचं नाही, पण संगणकाला हे सगळे शब्द वेगळे दिसतात.

दोन नोंदी राहिल्या तर बिघडतं काय?

पहिला त्रास पैशाचा. एका नोंदीवर ग्राहकाची थकबाकी दिसते, दुसरी कोरी असते. कोरी नोंद पाहून विक्री विभाग नवी उधारी देतो. एकाला एक दर सांगितला जातो, त्याच माणसाला दुसऱ्या नोंदीवरून दुसरा.

दुसरा त्रास विश्वासाचा. ग्राहकाने ‘मला जाहिरातीचे मेसेज पाठवू नका’ असं कळवलं आणि ते एकाच नोंदीत लिहिलं गेलं, तर दुसऱ्या नोंदीवरून मेसेज जातच राहतात.

तिसरा त्रास हिशेबाचा. ग्राहक किती, हेच कळत नाही. नोंदी पाच हजार असतात आणि माणसं त्याहून कितीतरी कमी.

संगणक जुळणाऱ्या नोंदी शोधतो कसा?

या कामाला ‘रेकॉर्ड लिंकेज’ म्हणतात. हा शब्द अमेरिकेतले संख्याशास्त्रज्ञ हॅल्बर्ट डन यांनी १९४६ मध्ये वापरात आणला. जन्मापासून मृत्यूपर्यंत माणसाच्या नोंदी वेगवेगळ्या दप्तरांत विखुरलेल्या असतात, त्या एका पुस्तकाच्या पानांसारख्या जोडता आल्या पाहिजेत, अशी त्यांची कल्पना होती. आजचं सॉफ्टवेअर हेच काम साधारण तीन पायऱ्यांत करतं.

पहिली पायरी साफसफाईची. सगळे मोबाईल नंबर एका पद्धतीत आणायचे. कुणी पुढे शून्य लावलेला असतो, कुणी अधिक ९१, कुणी मध्येच जागा सोडलेली असते, कुणी आकडे देवनागरीत लिहिलेले असतात. हे सगळं काढून दहा आकडे उरले पाहिजेत. ‘प्रा. लि.’ आणि ‘प्रायव्हेट लिमिटेड’ एक करायचं. नावाआधीचं ‘श्री’, ‘सौ.’, ‘डॉ.’ वेगळ्या रकान्यात टाकायचं.

मराठी नावांसाठी ही पायरी जास्त किचकट आहे. ‘पाटील’ आणि ‘पाटिल’ यात फक्त वेलांटीचा फरक. रोमन लिपीत ‘म्हात्रे’ लिहिताना कुणी एमनंतर थेट एच लिहितं, कुणी मध्ये ए घालतं. शिवाय जुन्या मराठी फाईल्स अनेकदा युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या असतात. त्या पडद्यावर मराठी दिसतात, पण आत साठवलेली अक्षरं रोमन असतात. अशी यादी आधी युनिकोडमध्ये बदलून घेतल्याशिवाय काहीच जुळत नाही.

दुसरी पायरी गट पाडण्याची. यादीत १०,००० नोंदी असतील आणि प्रत्येक नोंद दुसऱ्या प्रत्येक नोंदीशी ताडून पाहायची म्हटलं, तर ४,९९,९५,००० जोड्या होतात, म्हणजे जवळपास पाच कोटी. म्हणून आधी गट पाडतात. उदाहरणार्थ, एकाच पिनकोडचे एका गटात. शंभर-शंभर नोंदींचे शंभर गट पडले, तर तपासायच्या जोड्या ४,९५,००० वर येतात. काम शंभर पटीने कमी होतं. मात्र यात एक धोका आहे. पिनकोडच चुकीचा लिहिलेला असेल, तर ती नोंद आपल्या जोडीदारापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून एकदा पिनकोडने, एकदा मोबाईलच्या शेवटच्या चार आकड्यांनी, असे वेगवेगळे गट पाडून पाहतात.

तिसरी पायरी गुण देण्याची. नाव किती जुळतं, फोन जुळतो का, पत्ता किती जवळचा, यावरून प्रत्येक जोडीला गुण मिळतात.

आडनाव जुळलं, मग गुण किती?

हे गाव बघून ठरतं. समजा एखाद्या यादीत दर दहा माणसांत तीन पाटील आहेत. मग कोणत्याही दोन अनोळखी नोंदी उचलल्या, तरी दोन्हीकडे ‘पाटील’ निघण्याची शक्यता नऊ टक्के आहे. म्हणजे अशा यादीत ‘पाटील’ जुळणं हा फारच कमजोर पुरावा. त्याच यादीत एखादं क्वचित दिसणारं आडनाव दोनदा आलं, तर मात्र थांबून पाहायला हवं. पूर्ण दहा आकडी मोबाईल नंबर योगायोगाने जुळणं तर जवळपास अशक्य.

जितकी गोष्ट दुर्मीळ, तितके तिचे गुण जास्त. या साध्या विचाराला इव्हान फेलेगी आणि अॅलन सन्टर या दोघांनी १९६९ मध्ये गणिती रूप दिलं. त्यांच्या पद्धतीत निकाल दोन नसतात, तीन असतात: ‘एकच आहे’, ‘वेगळे आहेत’ आणि ‘माणसाने तपासावं’. हा तिसरा कप्पा फार महत्त्वाचा आहे. तो गाळला की चुका सुरू होतात.

नावांची तुलना करण्याच्या रीतींनाही मर्यादा आहेत. ‘साउंडेक्स’ ही अमेरिकेत १९१८ मध्ये पेटंट मिळालेली जुनी रीत. सारख्या उच्चाराच्या रोमन अक्षरांना ती एकच आकडा देते, पण पहिलं अक्षर तसंच ठेवते. त्यामुळे ‘वाघमारे’ कुणी व्हीने आणि कुणी डब्ल्यूने लिहिलं, तर साउंडेक्सच्या मते ती दोन वेगळी आडनावं. दुसरी रीत किती अक्षरं बदलली ते मोजते. ती रशियन गणितज्ञ व्लादिमीर लेवेनश्टाइन यांनी १९६५ मध्ये मांडली. ‘पाटील’चं ‘पाटिल’ व्हायला एक बदल पुरतो, हे ती बरोबर पकडते. पण ‘गीता’ची ‘सीता’ व्हायलाही एकच बदल लागतो आणि त्या दोन वेगळ्या बायका आहेत.

कोणत्या खुणेवर किती विसंबायचं?

मोबाईल नंबर: चांगली खूण, पण शेवटचा शब्द नव्हे. घरातला एकच नंबर नवरा, बायको आणि मुलगा असे तिघंही देतात. कार्यालयाच्या लँडलाईनवर दहा माणसं असतात. शिवाय बंद पडलेला नंबर कायमचा मरत नाही. ९० दिवसांनंतर तो दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. पाच वर्षांपूर्वीचा आणि आजचा नंबर सारखा असला, तरी माणूस तोच असेल असं नाही.

जीएसटी क्रमांक: कंपन्यांसाठी सर्वांत उपयोगी. हा १५ अक्षर-आकड्यांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या व्यवसायाचा पॅन. दोन नोंदींचा पूर्ण क्रमांक जुळला, तर नोंदणी एकच. पण मधला पॅन जुळला आणि सुरुवातीचे दोन आकडे २७ ऐवजी २४ असले, तर ती त्याच कंपनीची गुजरातमधली नोंदणी आहे. अशा नोंदी एकत्र करायच्या नसतात, एकमेकींशी जोडून ठेवायच्या असतात. एकत्र केल्या, तर बिल चुकीच्या राज्याच्या क्रमांकावर जाईल.

ईमेल: स्वतःच्या नावाचा असेल तर चांगला. ‘इन्फो’ किंवा ‘अकाउंट्स’ने सुरू होणारा पत्ता अख्ख्या कार्यालयाचा असतो, त्यावरून माणूस ठरवू नये.

नाव आणि पत्ता: एकट्याने कधीच पुरेसे नाहीत. एकाच घरात आजोबांचं नाव नातवाला दिलेलं असू शकतं. मग नाव, आडनाव आणि पत्ता तिन्ही जुळतात, फक्त जन्मतारीख वेगळी असते.

दोन चुकांपैकी मोठी कोणती?

एक चूक म्हणजे दुबार नोंद सापडलीच नाही. दुसरी म्हणजे दोन वेगळी माणसं एक समजली गेली. पहिली चूक उद्या सुधारता येते. दुसरीत एका माणसाची उधारी, बिलं आणि तक्रारी दुसऱ्याच्या नावावर चढतात आणि एक माणूस यादीतून नाहीसा होतो. तो तक्रार घेऊन येईपर्यंत कुणाला कळतही नाही.

ग्राहकाच्या यादीत हे निस्तरता येईल. मतदार यादीत त्याची किंमत एक मत असते.

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० च्या कलम १७ प्रमाणे एका माणसाचं नाव एकाहून जास्त मतदारसंघांत असू शकत नाही आणि कलम १८ प्रमाणे एकाच मतदारसंघात दोनदा असू शकत नाही. तरीही २०२५ च्या अखेरीला महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका जाहीर झाल्या, तेव्हा दुबार नावांवरून मोठा वाद झाला. राज्य निवडणूक आयोगाने त्यावर काढलेला मार्ग या विषयात लक्षात ठेवण्यासारखा आहे.

संभाव्य दुबार नावं यंत्रणेने शोधली, पण ती थेट वगळली नाहीत. त्या नावांपुढे दोन तारे छापले. मग नाव, लिंग, पत्ता आणि फोटो ताडून माणूस खरोखर एकच आहे का, हे स्थानिक पातळीवर पाहायचं ठरलं. एकच असेल, तर तो कोणत्या केंद्रावर मतदान करणार हे त्यालाच विचारायचं आणि बाकीच्या केंद्रांवर त्याला मतदान करू द्यायचं नाही. ज्याच्याकडून काहीच उत्तर आलं नाही, तो मतदानाला आला तर त्याने दुसरीकडे मत दिलेलं नाही आणि देणार नाही असं हमीपत्र घ्यायचं.

ही व्यवस्था पुरेशी होती का, यावर राजकीय पक्षांचं एकमत नव्हतं. पण तिच्यातला तांत्रिक धडा स्पष्ट आहे. यंत्राने शंका घ्यायची, खूण करायची. निर्णय माणसाने, शक्यतो त्या माणसाला विचारून घ्यायचा. हाच तो फेलेगी आणि सन्टर यांचा तिसरा कप्पा.

नंबर सारखा म्हणजे माणूस सारखा, हा समजही त्याच वर्षी मोडला. मार्च २०२५ मध्ये भारत निवडणूक आयोगानेच सांगितलं की वेगवेगळ्या राज्यांतल्या काही मतदारांच्या ओळखपत्रांवर एकच क्रमांक आहे, पण ते मतदार बनावट नाहीत. पूर्वी राज्यं आपापल्या पद्धतीने क्रमांक देत होती, त्यातून हे झालं होतं. अशा मतदारांना नवे वेगळे क्रमांक देण्याचं आयोगाने जाहीर केलं. त्या नोंदी कुणी फक्त क्रमांकावरून एकत्र केल्या असत्या, तर खऱ्या मतदारांची नावं गेली असती.

नोंदी एकत्र करताना काय काय ठरवावं लागतं?

‘मर्ज’चं बटण दाबण्याआधी पाच गोष्टी ठरलेल्या हव्यात.

१. मुख्य नोंद कोणती. साधारणपणे जिला जास्त व्यवहार जोडलेले आहेत, ती ठेवतात. नुसती जुनी किंवा नुसती नवी म्हणून निवडू नये.

२. प्रत्येक रकान्यात कोणती माहिती राहील. फोन सर्वांत अलीकडे खात्री केलेला. जीएसटी क्रमांक बिलावर छापलेला. नाव कागदपत्रावर आहे तसं, बाकीची रूपं ‘इतर नावं’ या रकान्यात. ‘डी. बी. पाटील’ पुसून टाकलं, तर उद्या त्याच नावाने फोन आल्यावर पुन्हा नवी नोंद होईल.

३. व्यवहार कुठे जातील. बिलं, येणी, तक्रारी आणि जुनं बोलणं मुख्य नोंदीखाली आलं पाहिजे. नोंदी एकत्र करणं आणि एक नोंद पुसून टाकणं यातला फरक हाच. पुसली, तर तिच्याखालचा इतिहासही जातो.

४. संमतीचं काय. एका नोंदीत ‘मेसेज चालतील’ आणि दुसरीत ‘नको’ असेल, तर एकत्र नोंदीत ‘नको’ राहिलं पाहिजे.

५. परत फिरता येईल का. कोणी, कधी, कोणत्या दोन नोंदी एकत्र केल्या आणि त्याआधी त्यांत काय होतं, हे लिहून ठेवायला हवं. प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये एकत्र केलेल्या नोंदी पुन्हा वेगळ्या करण्याची सोय असतेच असं नाही. म्हणून मोठी साफसफाई करण्याआधी अख्ख्या यादीची प्रत काढून ठेवतात आणि आधी वीस-पंचवीस नोंदींवर करून पाहतात.

कायदा काय म्हणतो?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. ज्या माहितीवरून माणसाबद्दल निर्णय घेतला जाणार आहे, ती माहिती पूर्ण, अचूक आणि सुसंगत ठेवणं ही कंपनीची जबाबदारी असेल. आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा, अद्ययावत करून घेण्याचा आणि पुसायला सांगण्याचा हक्क ग्राहकाला असेल. माहिती पुसा म्हटल्यावर कंपनीने एक नोंद पुसली आणि दुबार नोंद तशीच राहिली, तर तो हक्क कागदावरच राहतो. त्यामुळे दुबार नोंदी हा यापुढे फक्त कार्यालयाच्या सोयीचा विषय नाही.

पुन्हा दुबार होऊ नये म्हणून?

नवी नोंद करण्याआधी शोधायची सवय हा सर्वांत स्वस्त उपाय. मोबाईल नंबर टाकल्यावरच पुढचा फॉर्म उघडेल आणि तो नंबर आधी असेल तर तसं दिसेल, अशी व्यवस्था बहुतेक सीआरएममध्ये करता येते. नाव, मधलं नाव आणि आडनाव यांना वेगळे रकाने द्यावेत. गाव, तालुका, जिल्हा टाईप न करता यादीतून निवडायला लावावं. बाहेरची एक्सेल फाईल चढवण्याआधी ती तपासण्याची जबाबदारी एकाच माणसाकडे असावी.

तुम्ही स्वतः काय करू शकता?

मोबाईलमधले कॉन्टॅक्ट दुबार झाले असतील, तर गुगल कॉन्टॅक्ट्समध्ये ‘मर्ज अँड फिक्स’ हा पर्याय आहे. सगळे एकदम एकत्र करू नका, एकेक सूचना वाचून होकार द्या. चूक झालीच, तर तिथे ३० दिवसांपर्यंतचे बदल मागे घेता येतात.

घर बदललं असेल, तर मतदार नोंदणीसाठी नव्याने फॉर्म ६ भरू नका. तो पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांसाठी आहे. पत्ता बदलण्यासाठी फॉर्म ८ आहे. घर बदलल्यावर पुन्हा फॉर्म ६ भरला गेला की जुन्या ठिकाणचं नाव तसंच राहू शकतं आणि तुम्ही काहीही गैर न करता दुबार मतदार ठरता. यादीतून नाव वगळण्यासाठी फॉर्म ७ असतो. चौकशीसाठी १९५० हा क्रमांक आहे.

आणि एखाद्या दुकानाने, बँकेने किंवा कंपनीने तुम्हाला दुसऱ्याच कुणाच्या नावाने हाक मारली, दुसऱ्याच्या थकबाकीचा मेसेज पाठवला, तर तो हसण्यावारी नेऊ नका. तुमची नोंद कुणाच्या तरी नोंदीत मिसळली असण्याची शक्यता आहे. तसं त्यांना लेखी कळवा आणि दुरुस्ती झाल्याचं उत्तर मागून घ्या.